बिडाचा तवा

मालवणकडे घावने करायची ती बिडाच्या तव्यावरच. पण हे बीड आपल्या चुलीपर्यंत आले कसे? जुन्या गावठी भट्टीत लोखंडाचे पाणी होत नसे; निघे तो मऊ गोळा, आणि तो घणाने ठोकून घडवावा लागे. ओतीव बीड घरोघर पोचले ते ओतकामाच्या कारखान्यांमुळे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल असे शेतकऱ्यांना वाटे!

बिडात कर्ब दोन टक्क्यांहून अधिक, म्हणून ते ठिसूळ. तापल्या तव्यावर गार पाणी ओताल, तर तडकलाच समजा. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा तर त्याची वैरीण! पण गंज चढला म्हणून तवा भंगारात घालू नका. काथ्या नि बारीक वाळूने घासा, धुऊन लगेच चुलीवर सुकवा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवा. असे तीन-चारदा करा. तेलाचा कडक पापुद्रा धरतो, आणि तोच घावन सोडवतो. कोकमाचे आंबट कालवण मात्र त्यात नको. आंबटाने पापुद्रा जातो.

असा राखलेला तवा सासूकडून सुनेकडे जातो, आणि तिचे पहिले घावनही अखंड सुटते.