चौकटीच्या बाहेरचेही दिसावे म्हणून : एका छोट्या भिंगाचा इतिहास



मागच्या व्याख्यानात आपण दुर्बिणीबद्दल बोललो. आज त्याच दुर्बिणीच्या एका गरीब नातलगाकडे वळू. आम्ही हातात धरलेली ही वस्तू बघा. अंगठ्याएवढी आहे, आत दोन-तीन भिंगे, ना बॅटरी, ना वायर. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी खाच असते, तिच्यात ही सरकवायची आणि डोळा लावायचा. हा बाहेरून बसवायचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर. कॅमेऱ्याला मागे चांगला मोठा पडदा असताना हे लोढणे कशाला, असा प्रश्न आमच्या नातवाने विचारला होता. त्याला दिलेले उत्तर अपुरे होते असे वाटते, म्हणून आजचे व्याख्यान.

सुरुवात 1609-10 पासून करू. गॅलिलिओच्या दुर्बिणीत पुढे बहिर्वक्र भिंग, डोळ्याशी अंतर्वक्र. दृश्य सुलटे आणि मोठे दिसते. लहान मुले दुर्बीण हटकून उलट्या बाजूने धरतात आणि सगळे लहान, लांब गेलेले पाहून हसतात. आता गंमत अशी, की कॅमेऱ्याच्या साध्या व्ह्यूफाइंडरमध्ये नेमके हेच केलेले असते. पुढे अंतर्वक्र, डोळ्याशी बहिर्वक्र. दृश्य लहान होते, म्हणून बरेचसे दृश्य चिमुकल्या खिडकीत मावते. पोरखेळ म्हणून ज्याला हसावे, त्याचेच यंत्र झाले.

पुढचा टप्पा 1925 चा. लाइपझिगच्या वसंत जत्रेत ऑस्कर बर्नाकने घडवलेला लायका कॅमेरा लोकांपुढे आला. भिंग 50 मिलिमीटरचे, शरीरात पक्के बसवलेले, आणि वर एक साधी खिडकी. एक भिंग, एक खिडकी, हिशेब सरळ होता. 1930 पासून भिंगे बदलता येऊ लागली आणि अडचण उभी राहिली. कमी नाभ्यंतराचे भिंग जास्त रुंद पाहते, जास्त नाभ्यंतराचे अरुंद. पण खिडकी तर एकच! मग प्रत्येक भिंगासाठी वेगळा व्ह्यूफाइंडर करून कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची पद्धत रूढ झाली. म्हणजे बाहेरचा व्ह्यूफाइंडर ही हौस नव्हती, ती गरज होती.

यात एक सुंदर सुधारणा व्हॅन अल्बाडा या डच संशोधकाच्या नावाने ओळखली जाते. डोळ्याजवळ चौकटीच्या रेषा आखायच्या आणि पुढच्या भिंगाच्या आतल्या, किंचित आरशासारख्या पृष्ठभागावरून त्यांचे प्रतिबिंब डोळ्याकडे परत पाठवायचे. रेषा दूर, दृश्यातच तरंगत असल्यासारख्या दिसतात. त्यामुळे डोळ्याला एकदा रेषेवर, एकदा दृश्यावर अशी कसरत करावी लागत नाही. आणि चौकटीच्या बाहेरचेही थोडे दिसत राहते. कोण आत येणार आहे, कोण बाहेर चालले आहे, हे आधी कळते. आजच्या विषयाचा गाभा इथेच आहे.

1954 च्या लायका एम-3 ने 50, 90 आणि 135 मिलिमीटरच्या चौकटी कॅमेऱ्याच्या आतच आणल्या. त्याहून रुंद भिंगांसाठी मात्र बाहेरचा व्ह्यूफाइंडर टिकून राहिला. 1959 मध्ये निकॉन एफ आला. आरसा आणि प्रिझम यांच्या मदतीने खुद्द भिंगातूनच पाहायचे, म्हणजे जे दिसते तेच मिळते. व्यावसायिक मंडळी तिकडे गेली, यात नवल नाही.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत त्या काळी काय होते? आग्फा क्लिक थ्री. एकशेवीसचा रोल, बारा फोटो, आणि वर एक भोक. तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत, त्यांनी घरचे जुने अल्बम आठवावेत. किती काकांची डोकी कापलेली असत! फोटो काढणाऱ्याचा हात वाकडा, असे आपण म्हणायचो. बिचाऱ्याचा दोष निम्माच असे. निम्मा दोष लंबनाचा, म्हणजे पॅरलॅक्सचा.

लंबन हा शब्द आपल्याकडे जुना आहे. ग्रहणाच्या गणितात भास्कराचार्यांनीही त्याचा विचार केला आहे. पाहणाऱ्याची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या पार्श्वभूमीवर सरकलेली दिसते, एवढाच त्याचा अर्थ. व्ह्यूफाइंडर भिंगाच्या समजा 6 सेंटिमीटर वर आहे. 28 मिलिमीटरच्या भिंगातून, कॅमेरा आडवा धरला तर, 3 मीटरवर सुमारे 257 सेंटिमीटर उंचीचे दृश्य मावते. त्यातले 6 सेंटिमीटर म्हणजे दोन टक्क्यांहून किंचित जास्त. कोणाच्या लक्षातही येणार नाही. 1 मीटरवर दृश्याची उंची 86 सेंटिमीटर, चूक सात टक्के. अर्ध्या मीटरवर चौदा टक्के, आणि काकांचे डोके गेले! चूक सेंटिमीटरांत तेवढीच राहते, आपण जवळ गेलो की ती मोठी होते. म्हणून नियम सोपा : दोन-तीन मीटरच्या पलीकडे निर्धास्त पाहावे, जवळ गेल्यास वर थोडी जागा सोडावी, आणि फारच जवळ गेल्यास मुकाट्याने पडदा वापरावा.

डिजिटल काळात काय झाले ते थोडक्यात सांगतो. 1995 मध्ये कॅसिओच्या क्यूव्ही-10 या कॅमेऱ्याने पाठीवरच्या पडद्यावर पाहत फोटो काढायची सोय सामान्य ग्राहकापर्यंत आणली. पुढे पडदे वाढत गेले आणि छोट्या कॅमेऱ्यांतली खिडकी आकसत आकसत बंद झाली. पण 2005 मध्ये रिकोने जीआर डिजिटल हा खिशात मावणारा कॅमेरा काढला, 28 मिलिमीटरइतका रुंद पाहणारा, आणि त्यासोबत वेगळा विकत घ्यायचा बाहेरचा व्ह्यूफाइंडर. मग 2008 मध्ये सिग्माचा डीपी-1, 2009 मध्ये लायकाचा एक्स-1, 2012 मध्ये सोनीचा आरएक्स-1. सगळ्यांची भिंगे न बदलणारी, आणि सगळ्यांसाठी डोक्यावर बसवायची खिडकी. जी वस्तू 1930 च्या दशकात अनेक भिंगांमुळे जन्मली, ती आता एकाच भिंगाच्या कॅमेऱ्यावर परतली. कारण बदलले होते.

कारणे दोन. पहिले अगदी शारीरिक. भर दुपारी पडदा दिसत नाही. शिवाय पन्नाशीनंतर हातभरावरचा पडदा पाहायला वाचायचा चष्मा लागतो आणि तोच चष्मा घालून पलीकडचा माणूस धूसर दिसतो. व्ह्यूफाइंडरमधले दृश्य मात्र दूर असल्यासारखे दिसते, तिथे वाचायचा चष्मा नको. कॅमेरा कपाळाला टेकल्याने हातही स्थिर राहतो.

दुसरे कारण आमच्या विषयातले आहे. न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्या इंद्रिय आणि वस्तू यांच्या संपर्कावरून केली आहे. पडद्यावर आपण वस्तू पाहत नाही, होऊ घातलेला फोटो पाहतो. खिडकीतून समोरच्या माणसावरून आलेला प्रकाश थेट डोळ्यात येतो. इथे टाळी वाजवायचा मोह होईल, पण थांबा. ज्याला आम्ही प्रत्यक्ष म्हणतो आहोत, ते फोटोच्या बाबतीत केवळ अनुमान आहे! चौकट अंदाजाची, प्रकाशाची मात्रा कळत नाही, फोकस तर मुळीच दिसत नाही. पडदा फोटोबद्दल खरे बोलतो, खिडकी माणसाबद्दल.

याची किंमत आम्ही मोजली आहे. आमच्या थोरल्या वहिनींच्या ऐंशीव्या वाढदिवसाला अंगणात त्यांचा फोटो काढला. मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा, वर हाच व्ह्यूफाइंडर. वहिनी मीटरभर अंतरावर, मागे चार-पाच पावलांवर तुळशीवृंदावन. त्या पुतण्याला काहीतरी सांगून हसल्या, आम्ही बटण दाबले, बीप वाजली. बीप “जुळले” एवढेच सांगते, “कशावर” ते सांगत नाही. संध्याकाळी पाहिले तर तुळशीचे पान न् पान स्वच्छ, वहिनींचा चेहरा धूसर. पुन्हा काढू म्हणालो. ते झाले नाही. त्या गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला घरच्यांनी दुसरा फोटो निवडला, आधार कार्डासाठी काढलेला. चूक यंत्राची नव्हती, आमची होती. न दिसणारे अंतर मनात धरायचे काम आम्ही विसरलो होतो.

तेव्हापासून आम्ही फोकस आधीच ठरवून ठेवतो, दोन मीटर, आणि माणूस दोन मीटरवर येईल असे स्वतःच पुढेमागे होतो. किंवा फोकसचा एकच बिंदू मधोमध ठेवून आधी चेहऱ्यावर धरतो, मग चौकट सरकवतो.

आँरी कार्तिये-ब्रेसाँचा 1932 चा तो फोटो आठवा, पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे पाण्यावरून उडी मारणारा माणूस. कुंपणाच्या फटीत भिंग घातले होते, त्याला स्वतःला नीट दिसतही नव्हते. हाच माणूस 30 जानेवारी 1948 ला, हत्येच्या थोडाच वेळ आधी, दिल्लीत गांधीजींना भेटला होता. न दिसताही नेम धरता येतो, पण त्यामागे अंतर आणि चौकट अंगात मुरलेली लागते. आमच्या अंगात ती मुरली नव्हती.

तेव्हा नातवाला आज द्यायचे उत्तर असे : लोढणे आहे खरेच. जवळच्या फोटोला, सावकाश कामाला, मोजूनमापून करायच्या गोष्टीला पडदाच बरा. पण रस्त्यावर, उन्हात, माणसांत, जिथे चौकटीत काय येणार हे आधी कळायला हवे, तिथे ही खिडकी लाव. आणि तिच्यातून जे दिसत नाही, त्याची जबाबदारी आपली, हे विसरू नकोस.

इथे थांबतो. व्ह्यूफाइंडर पहिल्या रांगेपासून फिरवतो आहोत, प्रत्येकाने डोळा लावून पाहावा आणि पुढे द्यावा. तोवर प्रश्न असतील तर विचारा.