रोगव्याप्ती म्हणजे नेमके काय?

अकोला : रोगाचे 'प्रमाण' सांगताना दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. ठरावीक दिवशी, ठरावीक लोकसंख्येत असलेले जुने-नवे सर्व रुग्ण म्हणजे रोगव्याप्ती. ठरावीक काळात नव्याने आढळलेले ते नवरुग्ण. मोर्णाकाठच्या जुने शहर भागातील २० हजार रहिवाशांमध्ये एका दिवशी कुष्ठरोगाचे ४ रुग्ण उपचाराधीन आहेत, असे कल्पिल्यास व्याप्ती दर दहा हजारी २ ठरते. वर्षभरात नवे ५ आढळल्यास नवरुग्णांचा दर मात्र अडीच होतो.

व्याप्ती ही नवरुग्णांच्या दराप्रमाणेच आजाराच्या कालावधीवरही अवलंबून असते. कुष्ठरोगात नोंद होते ती केवळ उपचाराधीन रुग्णांची. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये बहुजीवाणू रुग्णांचा उपचारकाल २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणला. त्यामुळे संसर्ग तेवढाच राहूनही नोंदीतील आकडा घटू शकतो.

डिसेंबर २००५ मध्ये देशाची व्याप्ती दर दहा हजारी एकच्या खाली आली व 'दूरीकरण' साध्य झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ रोग संपला असा नव्हे. उपचार पूर्ण झालेला, परंतु हातापायांत विकृती राहिलेला माणूस या गणतीत नसतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीत उभारलेले 'तपोवन' अशाच माणसांचा आधार ठरले.

म्हणून आकडा वाचताना रुग्ण कोणाला म्हटले, केव्हा मोजले आणि किती लोकसंख्येत, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.