जोंगा, जिप्सी आणि विजेवरची पिकअप

विजेवरच्या पिकअपचा विषय निघाला की सगळे बॅटरी आणि रेंजवर बोलतात. मी जबलपूरला राहतो, आणि या शहराने हलक्या गाड्यांची एक स्पर्धा आधीच हरलेली आहे. आज आधी तिची गोष्ट.

१९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. तोफांचे गाडे बनवणाऱ्या या कारखान्यातून १९५९ मध्ये जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बाहेर पडला. १९६२ च्या युद्धानंतर फौज वाढली, गाड्या कमी पडू लागल्या, आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी वेगळी झाली. तिथे निसानच्या परवान्यावर दोन गाड्या बनत: जोंगा आणि वन टन. जोंगा नाव ऐकून काहींना जपानी वाटते. ती 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली'ची आद्याक्षरे आहेत. वन टन म्हणजे आजच्या भाषेत पिकअपच. पुढे केबिन, मागे हौदा, चारही चाकांना ताकद.

जोंगाचे इंजिन सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे. चढ कसलाही असो, गाडी मागे हटत नसे. पेट्रोल मात्र पाण्यासारखे पिई. पण गाडी सरकारची, पेट्रोल सरकारचे, कारखानाही सरकारचा. हिशेब विचारणार कोण? जपानमध्ये निसानने हे मॉडेल १९८० साली बदलले. जबलपुरात ते १९९९ पर्यंत चालले.

दरम्यान १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. इंजिन एक लिटरपेक्षाही लहान. जोंगापुढे खेळणेच म्हणा ना. तरीही १९९१ पासून ती फौजेत रुजली, कारण हलकी होती, कमी पिई, आणि तिचे बरेचसे पार्ट मारुतीच्या साध्या गाड्यांच्या जातकुळीतले होते. १९९६ मध्ये व्हेईकल फॅक्टरीने सामान्य ग्राहकांसाठी डिझेल जोंगा काढली, पण फार उशीर झाला होता. आज जोंगा शौकिनांकडे दिसते. महेंद्रसिंग धोनीकडे एक आहे. फॅक्टरी मात्र पुढे टाटा आणि अशोक लेलँड यांच्या डिझाइनचे ट्रक जोडू लागली.

जिप्सीही कायम राहिली नाही. फौजेने ५०० किलोऐवजी ८०० किलो वाहणारी, पक्क्या टपाची, एसी असलेली गाडी मागितली आणि जिप्सी शर्यतीबाहेर गेली. चाचणीत टाटाची सफारी स्टॉर्म आणि महिंद्राची स्कॉर्पिओ दोन्ही उतरल्या. टाटाची किंमत कमी निघाली. २०१७ मध्ये ३,१९२ गाड्यांचा ठेका तिला मिळाला. माझ्या मते निम्मा निकाल चाचणीच्या मैदानावर नव्हे, मागणीपत्रकाच्या कागदावर लागतो.

विजेच्या गाड्यांतही तेच दिसते. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली: ६०० किलो माल, २१.३ किलोवॅट-तासांची बॅटरी, कागदावर १५४ किलोमीटर. सुरुवातीलाच ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या मोठ्या गिऱ्हाइकांशी ३९,००० गाड्यांचे करार झाले. त्यांची गाडी ठरलेल्या भागात फिरून संध्याकाळी गोदामात परतते, मग एवढी रेंज पुरते. २०२४ मध्ये एक टनाची एस ईव्ही आली, त्याच वर्षी महिंद्राची झिओ. मंडईत भाजी नेणाऱ्या एकट्या मालकाचा हिशेब वेगळा. त्याला हप्ता दिसतो, आणि वाटेत गाडी बंद पडली तर मिस्त्री कुठून आणायचा हा प्रश्न.

आता फौजेकडे येऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये लष्कराने जाहीर केले की शांतताकाळच्या ठाण्यांतील निवडक तुकड्यांत २५ टक्के हलक्या गाड्या, ३८ टक्के बसेस आणि ४८ टक्के मोटारसायकली विजेवर येतील. सियाचीनच्या थंडीत बॅटरीची ताकद घटते, तिथला विचार निराळा. पण जबलपूरसारख्या छावणीत रेशन, डाक, स्टोअरचा माल, सगळ्या फेऱ्या आखलेल्या असतात. विजेच्या वन टनसाठी याहून सोपे काम नाही.

ती बनवणार कोण? १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडले आणि व्हेईकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगम या सरकारी कंपनीत गेली. आता काम मिळवावे लागते. रांझीतली घरे आणि रिछाईतली लहान वर्कशॉप या कारखान्याच्या कामावर अवलंबून आहेत. छावणीसाठी विजेच्या पिकअपचे मागणीपत्रक निघेल तेव्हा मी त्यात रेंज शेवटी पाहीन. आधी पाहीन दोन ओळी: बॅटरी बदलण्याचा खर्च किंमतीत धरलाय का, आणि दुरुस्ती फौजेच्या वर्कशॉपमध्ये होणार की कंपनीच्या.