जुन्या गोव्याची एकदिवसीय सहल आणि चांदीची पेटी : हुपरीच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखले जाते. पैंजण, वाळे, जोडवी, कमरपट्टे असे नाना प्रकारचे दागिने हुपरीत आणि रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या शेजारच्या गावांत घरोघरी घडविले जातात. या परिसरातील विद्यार्थ्यांना गोवा हे सहलीचे ठिकाण म्हणून चांगलेच परिचयाचे आहे. अशा सहलीत जुने गोवे ही पोर्तुगीजांची एकेकाळची राजधानी दोन-तीन तासांत पाहून होते. तेथील बॉम जीझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या पेटीत ठेवले आहेत, ती पेटी चांदीची असून १६३६-३७ मध्ये गोव्यातील रौप्यकारागिरांनी घडविलेली आहे. चांदीच्या गावातून आलेला विद्यार्थी या पेटीसमोर उभा राहतो आणि बहुधा ती न पाहताच पुढे जातो. मार्गदर्शित सहलीतून इतिहासाचे कोणते अंग नजरेस येते व कोणते झाकलेले राहते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

सहलीचे स्वरूप

हुपरीहून निपाणी, आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी आणि बांदा या मार्गाने जुने गोवे दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघालेले वाहन दुपारच्या सुमारास पोहोचते आणि रात्री उशिरा परतते. प्रत्यक्ष शहरासाठी उरणारा वेळ थोडा असल्याने मार्गदर्शकाचे कथनही ठराविक साच्यातून जाते. आफोंसो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून शहर जिंकले; १५६२ मध्ये सुरू झालेले सी कॅथेड्रल १६१९ मध्ये पूर्ण झाले; बॉम जीझसचे बांधकाम १५९४ ते १६०५ या काळात झाले; सेंट ऑगस्टीन चर्चचा ४६ मीटर उंचीचा मनोरा आज अर्धाच उभा आहे; साथीच्या रोगांनी शहर ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला; १९८६ मध्ये येथील चर्चवास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ही सारी माहिती खरी आहे. मात्र या कथनातील कर्ते पुरुष म्हणजे व्हाइसरॉय, धर्मगुरू आणि संत. दगड कोणी फोडला, चुना कोणी मळला, चांदी कोणी आटवली, हे प्रश्न त्यात उद्भवतच नाहीत.

डोळ्यांना दिसणारे शहरही सरळपणे वाचता येत नाही. बॉम जीझसच्या उघड्या तांबड्या जांभ्याच्या भिंती पाहून पर्यटक त्यालाच वास्तूचे मूळ रूप समजतो. वस्तुतः या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, उतरविण्यात आला. दर्शनी भागातील काळा बेसाल्ट वसईहून समुद्रमार्गे आणलेला आहे. म्हणजे या वास्तूत कोकणच्या किनाऱ्याचाही वाटा आहे. पण घाईच्या भेटीत तो सांगितला जात नाही.

चांदीची पेटी

संत झेवियर यांचा मृत्यू १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर झाला आणि त्यांचे पार्थिव १५५४ मध्ये गोव्यात आणले गेले. पुढे मार्सेलो मास्त्रिली या इटालियन जेझुइट धर्मगुरूच्या कल्पनेनुसार चांदीची पेटी तयार झाली. चांदीच्या पत्र्यांवर संताच्या जीवनातील प्रसंग उठावाच्या कामात कोरलेले आहेत. ज्या चौथऱ्यावर ती ठेवली आहे, तो संगमरवरी चौथरा तुस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने भेट दिला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडविला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात उभारला गेला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. चौथऱ्याचा दाता ज्ञात आहे, शिल्पकारही ज्ञात आहे. पेटीची कल्पना मांडणाऱ्या मास्त्रिलीचे नाव, इतकेच काय १६३७ मध्ये नागासाकी येथे झालेला त्याचा वधही नोंदलेला आहे. पेटी घडविणाऱ्यांचा उल्लेख मात्र सहसा ‘गोव्याचे कारागीर’ एवढ्या दोन शब्दांत संपतो. शिवाय पेटी उंचावर असल्याने तिचे काम खालून, दुरून आणि गर्दीतून पाहावे लागते. मार्गदर्शक पेटीतील अवशेषांविषयी बोलतो, पेटीविषयी नाही.

या पेटीशी मराठ्यांच्या इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने शहराजवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा गोव्याची राजधानी धोक्यात आली. त्या प्रसंगी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने आपला अधिकारदंड संताच्या चरणी ठेवून संरक्षणाची याचना केल्याचे सांगितले जाते. पुढे मोगल सैन्य कोकणात उतरल्याने संभाजी महाराजांना मागे फिरावे लागले. स्थानिक हातांनी घडविलेली वस्तू अशा रीतीने साम्राज्याच्या आधाराचे प्रतीक बनली, आणि घडविणारे हात अनामिकच राहिले.

कारागिरांचे शहर

हे हात कोठून आले, याची काही साधने उपलब्ध आहेत. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस गोव्याचा सोनार रावळू शेट (पोर्तुगीज कागदपत्रांतील रूप ‘राउलू शातिम’) लिस्बनला गेला होता. म्हणजे सत्ता स्थिरावत असतानाच येथील कसबाची कीर्ती पोर्तुगालच्या दरबारापर्यंत पोहोचली होती. १५६७ च्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने उपासनेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. ज्या गोष्टीला मनाई करावी लागते ती गोष्ट चाललेली असते, असा निष्कर्ष यातून निघतो. त्यानंतर दोन दशकांनी, १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने शहरातील हिंदू सोनार-रौप्यकारांच्या रस्त्याचे वर्णन केले आहे. धर्मसत्तेला ज्यांचा धर्म नको होता, त्यांचे कसब तिला टाळता येत नव्हते. वसाहतीच्या राजधानीचा हा व्यवहार चर्चच्या भव्य दर्शनी भागांवरून कळत नाही. तो वस्तूंच्या घडणीकडे पाहिल्यावरच उलगडतो.

हुपरीच्या दृष्टीने महत्त्व

हुपरीचा दागिना एका हातून तयार होत नाही. चांदी आटवणे, तिची पट्टी वा तार काढणे, ठशावर आकार देणे, सुटे भाग जोडणे, घुंगरू बसवणे आणि शेवटी झळाळी आणणे अशा टप्प्यांतून तो अनेक घरांत फिरतो. यातील बराचसा भाग स्त्रिया घरी बसून करतात. चांदी व्यापाऱ्याची, श्रम कारागिराचे अशी मजुरीची पद्धत येथे सर्वपरिचित आहे. तयार पैंजणावर घडविणाऱ्याचे नाव नसते. दुकानात पोहोचल्यावर तो दुकानाच्या नावाने ओळखला जातो.

येथेच जुन्या गोव्याची पेटी आणि हुपरीचे घर एकमेकांजवळ येतात. ज्या विद्यार्थ्याने आईला घुंगरू जोडताना पाहिले आहे, त्याला त्या पेटीचा पत्रा किती जाड असेल, उठाव कोणत्या बाजूने ठोकला असेल, जोड कोठे लपविला असेल, हे प्रश्न सुचू शकतात. असे प्रश्न पडणे हाही इतिहासाचाच अभ्यास आहे. यासाठी सहलीपूर्वी एक तास हुपरीतील कारखान्यात घालवणे, आणि गोव्यात बॅसिलिकेबरोबरच सांता मोनिका कॉन्व्हेंटमधील ख्रिस्ती कला संग्रहालयाला वेळ देणे, एवढी तयारी पुरेशी आहे. तेथे चांदीच्या वस्तू जवळून न्याहाळता येतात.

समारोप

वसाहतकालीन शहराची सहल केवळ राज्यकर्त्यांच्या नावांची उजळणी ठरू नये. सतराव्या शतकातील कारागिरांची नावे कदाचित परत मिळणार नाहीत. हुपरीतील वृद्ध कारागिरांची नावे, त्यांची हत्यारे आणि त्यांच्या आठवणी मात्र आज नोंदवता येतात. गोव्याहून परतलेल्या विद्यार्थ्यांनी सहलीचा अहवाल लिहिताना त्याचे शेवटचे पान आपल्या गल्लीतील एखाद्या कारागिराला द्यावे. अन्यथा आणखी काही पिढ्यांनी या कारागिरांचा उल्लेखही ‘हुपरीचे कारागीर’ एवढ्या दोन शब्दांतच संपेल.