तारायंत्र ते स्मार्टफोन : खाजगीपणाच्या हक्काची वाटचाल

प्रस्तावना :
स्मार्टफोनमधील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा प्रश्न नवा वाटत असला, तरी त्याची मुळे वसाहतकालीन कायद्यात आहेत. प्रस्तुत लेखात भारतातील या वाटचालीचा आढावा घेण्यात आला आहे.

तारेवरील संदेश :
१८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. १८८५ च्या भारतीय तार कायद्यातील कलम ५ ने शासनाला संदेश अडविण्याचा अधिकार दिला आणि स्वातंत्र्यानंतरही तो टिकून राहिला. राज्यघटनेत खाजगीपणाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. खरकसिंग खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या गृहभेटी घटनाबाह्य ठरविल्या. मात्र खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. न्या. सुब्बा राव यांनी याविरुद्ध मत नोंदविले. पुढे १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज खटल्यात दूरध्वनीवरील संभाषण खाजगीपणाच्या कक्षेत आले. ते ऐकण्यासाठी गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत व पुनर्विलोकन समिती ही बंधने घालण्यात आली.

संमतीचा प्रश्न :
या संपूर्ण कालखंडात ऐकणारा त्रयस्थ होता आणि तो बहुधा शासन होते. स्मार्टफोनने हे चित्र पालटले. संपर्कयादी, छायाचित्रे, ठावठिकाणा व बँक व्यवहार एकाच उपकरणात साठू लागले आणि ते पाहण्याची मुभा खुद्द मालकच देऊ लागला. अँड्रॉइड प्रणालीत २०१५ पूर्वी ॲप घेतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. नकार म्हणजे ॲपला मुकणे. त्या वर्षीच्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, ध्वनिग्राहक, स्थान यांसारख्या संवेदनशील बाबींची परवानगी स्वतंत्रपणे नाकारता येऊ लागली.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. खरकसिंग निकालातील विरोधी भूमिका रद्द झाली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी, तसेच ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे तत्त्व मांडले. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजेच मराठीतही, वाचण्याचा पर्याय त्यात आहे. तथापि कलम १७ नुसार केंद्र सरकार अधिसूचित शासकीय यंत्रणांना सूट देऊ शकते.

निष्कर्ष :
सारांश, १८८५ चा प्रश्न 'कोण ऐकू शकतो' असा होता. आज त्यास 'कोणी, काय समजून होकार दिला' याची जोड मिळाली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी व कायद्याने काही अंशी दिले. दुसऱ्याचे उत्तर मात्र परवानगीचे बटण दाबणाऱ्या नागरिकाच्या आकलनावर अवलंबून आहे. न वाचता दिलेली संमती कायद्याच्या कागदावर पूर्ण दिसते, परंतु खाजगीपणाचे रक्षण करण्यास ती असमर्थ ठरते. म्हणून समजेल अशा भाषेतील संमती ही केवळ सोय नसून या हक्काची पूर्वअट आहे.