सावंतवाडीची लाकडी खेळणी: वरून वॉर्निश कसं द्याल?

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं घरी असतील आणि त्यांचा रंग मळकटला असेल, तर ती कोरड्या कापडाने पुसून वर चपडा लाखेचा पातळ हात देता येतो. लाख स्पिरिटात विरघळवा, चुलीपासून लांबच. आधी तळाशी थोडी लावून बघा. रंग फिसकटला तर तिथेच थांबा. पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल धरतो आणि लाख दुधाळ होते. कोकणात तर हे ठरलेलंच!

पोरं खेळणं तोंडात घालतात. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा २०१७पासून दहा लाखांत ९० भाग आहे. त्याआधीच्या रंगाचे टवके निघत असतील तर नुसतं वॉर्निश मारून भागत नाही. ते खेळणं कपाटातच ठेवा.