वांचलेला जीव आणि हरवलेली स्मृति

मेंदूंतील रक्तवाहिनीची भिंत एखाद्या ठिकाणीं दुबळी झाली, म्हणजे ती रक्ताच्या दाबानें फुगते. हा फुगा, डॉक्टरांच्या भाषेंत 'ॲन्युरिझम', फुटला तर चालताबोलता माणूस क्षणांत कोसळतो. ह्या रोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रवैद्यांच्या हस्तकौशल्याचा म्हणून सांगितला जातो. परंतु 'रोगी बरा झाला' ह्या तीन शब्दांचा अर्थ कसकसा बदलत गेला, हें पाहणें आम्हांस अधिक उद्बोधक वाटतें.

१९३१ सालीं एडिंबरो येथें नॉर्मन डॉट यांनीं एका वकिलाच्या फुटलेल्या फुग्याभोंवतीं त्याच्याच मांडीचा स्नायु गुंडाळून रक्तस्राव थांबविला. १९३७ सालीं बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यांनीं फुग्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसविला. त्या काळीं रोगी जगला हाच विजय होता, आणि तो लहान नव्हता.

पुढें जीव वांचूं लागले, तेव्हां दुसरें दुःख उघडें पडलें. मेंदूच्या पुढील भागांतील जोडधमनीवर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या स्मृतिभ्रंशाविषयीं लिंडक्विस्ट व नॉर्लेन यांनीं १९६६ सालीं लिहिलें. असा रोगी नीट बोलतो, पण सकाळीं घडलेलें सायंकाळीं विसरतो. कधीं तर स्मृतींतील रिकामी जागा कल्पित हकीकतींनीं भरून काढतो. ही लबाडी नव्हे. त्याला तें खरेंच वाटत असतें.

मोजमाप मात्र मागेंच राहिलें. १९७५ सालीं ग्लासगोच्या जेनेट व बाँड यांनीं मेंदूच्या इजेनंतरच्या स्थितीच्या पांच पायऱ्या ठरविल्या. पहिली मृत्यु, शेवटची 'उत्तम सुधारणा'. ह्या वरच्या पायरीवरचा माणूसहि कित्येकदां हिशेब चुकतो, थोड्या वाचनानें थकतो. इस्पितळाच्या वहींत तो बरा. घरच्यांच्या मतें तो 'पूर्वीचा राहिला नाहीं'.

पुढें कवटी न उघडतां जांघेंतील धमनीवाटे तार नेऊन फुगा भरण्याची युक्ति निघाली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, २१४३ रोग्यांवरील चाचणींत वर्षअखेर मृत वा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण ह्या पद्धतींत कमी आढळलें. येथेंहि मुख्य प्रश्न स्मृतीचा नव्हता. इंग्रज नटी एमिलिया क्लार्क हिच्यावर २०११ सालीं, वयाच्या २४ व्या वर्षीं, हाच उपचार झाला. त्यानंतर कांहीं दिवस तिला स्वतःचें पूर्ण नांवहि सांगतां येईना. तिची वाणी परत आली, व २०१९ सालीं तिनें हें स्वतःच लिहिलें.

प्रत्येकाचें नशीब असें नसतें. बरीचशी हानि मूळ रक्तस्रावानेंच झालेली असते, आणि विचारशक्ति महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं सांवरते. टिपणवही, ठराविक दिनक्रम आणि विश्रांति यांचा तेथें खरा उपयोग होतो. टांके निघाले म्हणजे आजार संपला असें समजून घरच्यांनीं अशा माणसाला आळशी वा हट्टी ठरविलें, तर वांचलेला जीवहि त्याला ओझें वाटूं लागतो.